अभ्रकपुरीला आलेली वाटसरू

एका म्हातारीकडे एकदा एका नसलेल्या जगाचा नकाशा राखायला आला.

ही म्हातारी पाटबंधारे खात्यात तीस वर्षे ट्रेसर होती. साहेबांनी आखलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे तिचे काम. निवृत्तीनंतर भाचीने तिला एका ऑनलाइन मंडळात नेऊन बसवले. तिथे चाळीसेक माणसे मिळून एक काल्पनिक जग रचत होती. त्यात डोंगर होते, राज्ये होती, शाप आणि राक्षस होते. प्रत्येकाने आपले एक पात्र घ्यायचे, त्या पात्राच्या तोंडून चार ओळी लिहायच्या, दुसऱ्याच्या पात्राने त्याला उत्तर द्यायचे, आणि अशी कथा पुढे सरकवायची. कोणी परभणीचा, कोणी सांगलीची, कोणी थेट मस्कतला नोकरीला. एकमेकांचे तोंड पाहिलेली माणसे त्यात मोजकीच.

मोठ्या वयाच्या माणसांनी असले उद्योग करावेत का, असे विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे. सोसायटीच्या सभेत तुम्ही पार्किंगवरून दोन तास घसा कोरडा करता, तेव्हा कोणते मोठे खरे जग उभारत असता? माणसे जमली की तिथे राज्य असते आणि राज्य आले की मत्सर येतो. ही गोष्ट त्याचीच आहे.

म्हातारीने पहिल्याच दिवशी पाहिले, की या जगातल्या दोन नद्या डोंगर चढत आहेत. तिला ते सहन झाले नाही. तिने सगळा नकाशा नव्याने आखला, आणि मंडळाने तो तिच्याच स्वाधीन केला. सगळे तिला ट्रेसरबाई म्हणू लागले.

त्या जगात दोन रिवाज फार कडक होते. पहिला असा, की दुसऱ्याच्या पात्राला आपण हलवायचे नाही. तुम्ही तलवार उगारा, खुशाल उगारा. ती लागली की हुकली, हे ज्याचे पात्र तोच लिहील. त्याला भीती वाटली, त्याला रडू आले, असे तुम्ही लिहायचे नाही. दुसरा रिवाज ट्रेसरबाईंनी घातलेला. नकाशावरचे काही पुसायचे असेल, तर पुसणाऱ्याने आधी एखादे पात्र घेऊन तिथून चालत जाऊन यायचे.

बाईंची एक शिष्या होती. बाईंच्याच गावातल्या एका छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर तिचे पोट होते आणि ते काम ती उत्तम करी. तीन वर्षे ती बाईंकडून जगरचना शिकत होती. पंचांग कसे बसवायचे, वारा कोणत्या दिशेने वाहिला की कोणते गाव कोरडे राहते, हे सगळे तिने आत्मसात केले होते. त्या विद्येच्या बळावर तिने एक नगरी उभी केली. नाव अभ्रकपुरी. तिच्यावर लिहिलेली पाने दोनशे चौदा. चौदा राजवंश, सातशे कारंजी, प्रत्येक भिंत अभ्रकाची. एकही शब्द अशुद्ध नाही.

आता त्या जगाचे जुने युग संपून नवे सुरू व्हायचे होते. नव्या युगात येणारी सगळी पात्रे एकाच ठिकाणी डोळे उघडणार, तिथून पुढे जगात पांगणार. हे आरंभस्थान कोणते, ते सर्वांच्या मताने ठरायचे होते. शिष्येच्या मनात त्याविषयी शंकाच नव्हती. तिने आरंभीच्या सोहळ्याचे वर्णनसुद्धा लिहून ठेवले होते.

आणि मध्येच एक एसटीची कंडक्टर उपटली.

ही बाई सहा महिन्यांपूर्वी मंडळात आलेली. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, डेपोच्या बाकावर बसून फोनवर लिहायची. तिने नदीकाठी एक जागा केली, खेकडघाट. अकरा ओळींची. तीन होड्या, त्यातली एक गळकी, भाजलेले खेकडे विकणारी एक तोंडाळ बाई, आणि येणाऱ्याला "कुठं निघालात?" असे विचारणारा एक नावाडी. बस्स. "निघालात" सुद्धा तिने चुकीचे लिहिले होते.

पण महिनाभरात सगळे जग त्या घाटावर लोटले. एका राजपुत्राने पैजेत घोडा गमावला आणि तो तिथे भांडी घासू लागला. दोन हाडवैरी एका घोंगडीखाली झोपले. एका राक्षसाला तिथे सर्दी झाली, आणि त्याला काढा कोणी द्यायचा यावर तब्बल चार दिवस लेखन चालले.

शिष्येला जळफळाट झाला. मी सौम्य शब्द वापरणार नाही. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडून आधी खेकडघाट उघडी. नवे कोण आले, कोणी काय लिहिले, कोणाला किती दाद मिळाली, ते पाही. कंडक्टरच्या ओळीतल्या चुका ती मनातल्या मनात दुरुस्त करी, आणि दुरुस्त केल्यावर ती ओळ फिकी पडते, हेही तिच्या लक्षात येई. त्याने ती अधिकच पेटे. मग सर्वांदेखत "किती गोड!" असे लिहून फोन पालथा ठेवी. भाजी तशीच राही.

मतदान झाले. खेकडघाटाला एकतीस मते, अभ्रकपुरीला सहा. त्या सहांत एक तिचे स्वतःचे.

दोन दिवस ती मंडळात फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती ट्रेसरबाईंच्या घरी आली, ती लॅपटॉप आणि जुन्या नकाशाची छपाई काखेत मारूनच. बाई ओट्याशी लसूण सोलत होत्या.

"बाई, एक गोष्ट दाखवायची आहे."

"दाखव. चष्मा टीव्हीपाशी असेल, तेवढा दे."

शिष्येने नकाशा पसरला. "ही नदी. आज ती इथून वाहते. पण माझ्या नगरीची हद्द नदीपर्यंत ठरली तेव्हा ती इथून वाहत होती. म्हणजे खेकडघाट माझ्या हद्दीत येतो. आणि हद्दीतलं काय ठेवायचं, काय नाही, हे स्थापन करणारा ठरवतो. नियम चौथा."

बाईंनी बोट फिरवत नदीचे जुने पात्र पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हद्द तुझीच."

शिष्येने वादाची तयारी करून आणली होती. ती सगळी वाया गेली. "म्हणजे मी तो पुसू शकते?"

"शकतेस. आज संध्याकाळी सभा आहे, तिथे नकाशाची किल्ली तुझ्या नावावर करते. कोणी ओरडलं तर मी सांगीन, कायद्याने हिचं बरोबर आहे. मात्र रिवाजाप्रमाणे आधी चालून यावं लागेल."

"येते की. लगेच जाते खेकडघाटावर."

"खेकडघाटावर नको. अभ्रकपुरीत जा."

"अहो बाई, पुसायचा खेकडघाट आणि चालायचं अभ्रकपुरीत? तुमचं काहीतरी चुकतंय."

"माझं वय झालंय, डोकं शाबूत आहे. एक परकी वाटसरू घे. नाव नको, घराणं नको. ती तुझ्या नगरीत येईल. नगरीच्या वतीने मी उत्तरं देईन. घाबरू नकोस, माझ्या पदरचा एक शब्द घालणार नाही. तुझ्या दोनशे चौदा पानांतलंच वाक्य उचलीन आणि चिकटवीन."

शिष्येला हे विचित्र वाटले, पण मनातून बरेही वाटले. आपली वाक्ये कोणी मोठ्याने समोर मांडणार म्हटल्यावर कोणाला वाटणार नाही? ती टेबलाच्या एका बाजूला बसली, दुसऱ्या बाजूला आपला संगणक उघडून बाई. मध्ये लसणाचे ताट.

शिष्येने लिहिले, "एक वाटसरू स्त्री महाद्वाराशी येते. ती दूरवरून चालत आली आहे. तिला तहान लागली आहे."

बाईंनी शोधून चिकटवले, "महाद्वारातून प्रवेश करताच पाहुण्याचे मस्तक आदराने आपोआप लवते."

"हं," शिष्या हसली. "हे वाक्य मला अजून आवडतं." तिने लिहिले, "वाटसरू मस्तक लववते आणि द्वारपालाकडे पाणी मागते."

"द्वारपाल निश्चल उभा असतो. गेल्या चारशे वर्षांत तो कोणाशीही बोललेला नाही."

"वाटसरू आत जाते. पाणी कुठे मिळेल, ते शोधते."

"नगरीत सातशे कारंजी आहेत. त्यांचे जल राजवंशासाठी राखीव असून, पाहुणे ते दुरून पाहूनच धन्य होतात."

"बाई, कारंज्यांचं पान नका लावू हो. बाजारपेठेचं लावा."

"लावते. थांब, सापडू दे. हां." बाईंनी चिकटवले, "बाजारपेठेत सर्व वस्तू विपुल असल्या तरी पाहुण्याची दृष्टी अभ्रकाच्या भिंतींवरून हटत नाही. आपण काय घ्यायला आलो, हे तो विसरून जातो."

"वाटसरू विसरत नाही," शिष्येने कळफलक बडवत लिहिले. "तिला तहान लागली आहे."

"भिंतींत स्वतःचे प्रतिबिंब पाहून पाहुण्यास आपल्या क्षुद्रतेची जाणीव होते आणि त्याचे डोळे भरून येतात."

"माझे डोळे भरून आलेले नाहीत!" हे ती लिहायचे विसरून मोठ्यानेच बोलली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "तुझे नाहीत गं. पाहुणीचे. आणि हे मी नाही लिहिलं."

"पण असं कसं चालेल? ते माझं पात्र आहे. तिला काय वाटलं ते तुम्ही कसं ठरवता? हा तर सरळसरळ पहिल्या रिवाजाचा..."

वाक्य तिथेच थांबले. ज्या रिवाजावर तिने स्वतः नवख्या माणसांना तीन वर्षे खडसावले होते, तोच तिने आपल्या नगरीच्या पानापानावर मोडला होता. इतक्या शुद्ध भाषेत, की कोणाच्या लक्षात आले नाही, तिच्याही नाही. लोक फक्त यायचे बंद झाले होते.

"ही वर्णनाची पद्धत असते," ती म्हणाली.

"असेल."

"भव्यता दाखवायची तर असंच लिहावं लागतं."

"लागत असेल. मी काय, गिरवणारी बाई. तुझ्या पाहुणीचं पुढे काय होतं, ते लिही."

शिष्येने लॅपटॉप पुढे ओढला. मग लिहिले, "वाटसरू परत फिरते."

"कुठे जाते?" बाईंनी तोंडानेच विचारले.

"मला काय माहीत!"

"तुझंच पात्र आहे म्हणालीस."

"खेकडघाटावर जाते! झालं समाधान?" शिष्येने लॅपटॉप मिटला. तिचा चेहरा लाल झाला होता. "पण बाई, मग मला तिथेच का नाही पाठवलंत? रिवाज तसाच आहे. पुसायचं तिथून चालायचं."

आता बाईंनी चष्मा काढून खाली ठेवला.

"खेकडघाटावर तू गेले सहा महिने रोज जातेस. दुपारी एक वाजता, डब्याच्या वेळी. राखणदाराला दिसतं गं कोण कुठे येऊन वाचून गेलं ते. लाजू नकोस, मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या घाटाची पायरी न् पायरी तुला पाठ आहे. ती लिहिणारीलाही नसेल. आणि त्या सहा महिन्यांत स्वतःच्या नगरीत तू किती वेळा गेलीस? दोनदा. दोन्ही वेळा दाद मोजायला. मत्सराचं हेच असतं. जळणारं माणूस दुसऱ्याच्या दारात मुक्काम ठोकून बसतं. स्वतःच्या घरात पाण्याची सोय नाही, हे त्याला कळणार कसं? तुला तिच्या घाटाची वाट नव्याने दाखवण्यात काय हशील होतं? जी जागा तू पाहिली नव्हतीस, तिकडे पाठवलं."

"म्हणजे मी पुसू नये, असंच ना?"

"मी तसं म्हटलं नाही. पाटबंधाऱ्यात असताना धरणांच्या बुडीत क्षेत्राची रेषा मी शेकडो वेळा गिरवली. रेषेच्या आत कोण राहतं, हे आखणारे साहेब पाहायला गेले नव्हते. मीही गेले नव्हते. रेषा मात्र बिनचूक होत्या. म्हणून हा रिवाज घातला. तू चालून आलीस. आता हक्क तुझा. ऊठ, चहा टाक."

संध्याकाळी सभा भरली. म्हणजे चाळीस माणसे आपापल्या गावी आपापल्या पडद्यासमोर बसली. बाईंनी शब्द पाळला. नकाशाची किल्ली शिष्येच्या नावावर केली आणि हद्दीचा प्रकार सर्वांना समजावून सांगितला. एकदम गलका झाला. "हे काय चाललंय?" "सहा मतं पडली म्हणून?" मस्कतचा गृहस्थ म्हणाला, "माझा राक्षस अजून सर्दीतून उठला नाहीये, त्याला कुठं हलवू?"

मग कंडक्टरचा मेसेज आला. ती बहुधा डेपोतच होती. तिने लिहिले, "ताई, मला नकाशा कळत नाही. घाट चुकून तुमच्या जागेत आला असेल तर माफ करा. थोडा सरकून घेऊ का? तीनच होड्या आहेत."

मला वाटते, इथे एखाद्या गोड कथेत शिष्येचे मन विरघळले असते. तसे काही झाले नाही. तिला पहिल्यांदा आली ती चीड. या बाईने भांडावेसुद्धा नाही? भांडली असती तर पुसणे किती सोपे गेले असते! लिहिण्यात ती सरस, लोकांत ती सरस, आता मोठेपणातही हीच पुढे. शिष्येचे बोट पुसायच्या बटणावर होते. एक दाब, आणि तीन होड्या, राजपुत्राची भांडी, राक्षसाची सर्दी, सगळे जाऊन तिथे कोरा निळा प्रवाह उरला असता.

पण दुपारपासून तिच्या डोक्यात ती बिननावाची वाटसरू उभी होती. घाट पुसला तर ती जाणार कुठे? अभ्रकपुरीत? तिथून तर ती परत आली होती.

शिष्येने हद्दीची रेषा उचलली आणि नदीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला आणून ठेवली. मग लिहिले, "सरकू नका. मी सरकले आहे. आरंभस्थान खेकडघाट."

त्यावर आभारांचा पाऊस पडला, तो तिने वाचला नाही. तिने अभ्रकपुरी उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली. हातात लाल पेन्सिल नव्हती, तरी छापखान्यातली सवय कामी आली. पाहुण्याचे मस्तक लवते, ते वाक्य काढले. डोळे भरून येतात, काढले. धन्य होतात, काढले. आठवडाभर हेच चालले. दोनशे चौदा पानांची एकशे साठ झाली. जिथून वाक्य निघाले तिथे नवे वाक्य घालायचा मोह तिला प्रत्येक वेळी झाला, आणि प्रत्येक वेळी तिला तो आवरावा लागला.

मत्सर गेला का? कुठला जातो! जेवणाच्या सुट्टीत तिचा अंगठा अजून खेकडघाटाकडे वळायचा. फरक इतकाच, की आता आपण तिकडे निघालो आहोत, हे तिला कळायचे. आणि चारांतले दोन दिवस ती परत फिरायची.

नवे युग सुरू झाले. घाटावर पात्रे डोळे उघडू लागली, होड्यांतून पांगू लागली. अभ्रकपुरीत दहा दिवस कोणी आले नाही. अकराव्या दिवशी मस्कतच्या गृहस्थाचे नवे पात्र आले, एक बकऱ्या राखणारा. त्याने महाद्वारात इकडेतिकडे पाहिले, कारंज्यात आंघोळ केली, आणि आपला ओला लंगोट सोळाव्या शतकातल्या अभ्रकाच्या भिंतीवर वाळत घातला. एवढे लिहून तो थांबला. उत्तर नगरीने द्यायचे होते.

शिष्येच्या कानशिलात रक्त चढले. तिने लिहिले, "रक्षक धावून आले." पुसले. लिहिले, "चौदा राजवंशांची ती भिंत अपमानाने काळवंडली." पुसले. लिहिले, "गुराख्याला आपल्या कृत्याची लाज वाटली." हे मात्र तिने वाक्य पुरे व्हायच्या आधीच पुसले, कारण लाज त्याची होती, वाटली की नाही, ते त्याने सांगायचे होते.

मग तिने लिहिले, "समोरच्या घराची खिडकी उघडली. एका बाईने डोकावून विचारले, 'अहो, दोरी हवी का?'"

आणि हात मांडीवर ठेवून ती उत्तराची वाट पाहत बसली. ते काय येईल, हे तिला ठाऊक नव्हते.